आभा कार्ड निघालं, पण टोळीबरोबर रुग्णाची नोंद जाते का?

दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या तालुक्यांतली कितीतरी गावं आणि तांडे ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूरकडं निघतात. काही टोळ्या पुढं कर्नाटकात बेळगाव, बागलकोटपर्यंत जातात. पाच-सहा महिने मुक्काम कारखान्याच्या पट्ट्यात, कोपीत. या टोळ्यांत गरोदर बाया असतात, टीबीच्या गोळ्या चालू असलेले असतात, बीपी-शुगरवाले असतात, लस बाकी असलेली लेकरं असतात. माणूस गाव सोडतो, पण त्याच्या आजाराची माहिती बऱ्याचदा गावच्या उपकेंद्राच्या रजिस्टरमध्येच राहते.

ही माहिती माणसामागं जावी म्हणून तर डिजिटल आरोग्याचा एवढा घाट घातला गेला. १५ ऑगस्ट २०२० ला घोषणा झाली आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर लागू झालं. प्रत्येकाला १४ अंकी आभा क्रमांक, दवाखाना कुठलाही असो, रुग्णाच्या संमतीनं जुनी नोंद डॉक्टरला दिसावी, अशी ही रचना आहे. कागदावर ती ऊसतोड कामगारांसाठीच केल्यासारखी वाटते. पण किती कार्ड निघाली हा आकडा सांगायला सोपा असतो. त्या कार्डामागं काय भरलंय, हा खरा प्रश्न आहे.

आभा वेगळं, आयुष्मान वेगळं

गावात सर्वात मोठा गोंधळ इथंच आहे. आभा कार्ड काढलं म्हणजे पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. मोफत उपचारांचा संबंध आयुष्मान कार्डाशी आणि महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेशी आहे. आभा हा फक्त आरोग्याच्या नोंदी जोडण्याचा क्रमांक आहे. तो काढणं ऐच्छिक आहे आणि त्याच्यावर एक रुपयाचाही उपचार मिळत नाही.

म्हणजे आभाची किंमत पूर्णपणे त्याला जोडलेल्या नोंदींवर ठरते. क्रमांक आहे पण तपासणीचा रिपोर्ट नाही, औषधाची चिठ्ठी नाही, रक्तगट नाही, तर ते रिकामं पासबुक झालं. खातं उघडलं, पण भरणा शून्य.

नोंद नसली की काय बिघडतं?

रुग्णाची सुरक्षितता म्हटलं की चुकीचं ऑपरेशन, चुकीचं इंजेक्शन असं काहीतरी मोठं डोळ्यापुढं येतं. गावाकडं धोका त्याहून साधा असतो. पुढच्या डॉक्टरला मागचं माहीत नसतं.

समजा, एका बाईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आहे. बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत तिला अँटी-डी इंजेक्शन द्यावं लागतं. ते राहिलं तर पुढच्या खेपेच्या बाळाला धोका असतो. गावात तपासणी झाली, गट लिहिला गेला, पण बाळंतपण कारखान्याजवळच्या दवाखान्यात रात्री दोन वाजता झालं, तेव्हा ती नोंद कुठाय?

दुसरं उदाहरण रक्त कमी असण्याचं. हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलं की तो तीव्र ॲनिमिया धरतात. अनेक बायांना लोहाची सलाईन टप्प्याटप्प्यानं दिली जाते. दोन डोस झाले आणि टोळी निघाली, तर तिसरा कुणी द्यायचा? किती झाले हे बाईला नेमकं सांगता येईलच असं नाही.

तिसरं बीपीच्या गोळीचं. टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या रोजच्या वापरातल्या आहेत, पण गरोदरपणात त्या चालत नाहीत, बाळाला इजा होऊ शकते. बाईला आधीपासून बीपी आहे, गोळी चालू आहे आणि दिवस गेलेत, या तिन्ही गोष्टी एकाच डॉक्टरला एकाच वेळी दिसल्या तरच गोळी बदलली जाते.

या तिन्ही ठिकाणी महागडं मशीन लागत नाही. चार ओळींची माहिती वेळेवर पोहोचली पाहिजे, इतकंच. आणि ती पोहोचली नाही तर पुन्हा तपासणी, पुन्हा रांग. ऊसतोडीत एक दिवस दवाखान्यात गेला की खाडा पडतो आणि तो उचलीच्या हिशोबात धरला जातो. म्हणून बाया दुखणं अंगावर काढतात.

जिथं यंत्रणा चालते, तिथं काय वेगळं आहे?

डिजिटल म्हणजे सगळं फोल, असंही नाही. टीबीचं उदाहरण घ्या. निक्षय पोर्टल २०१२ पासून आहे. रुग्णाला एक आयडी मिळतो आणि तो दुसऱ्या जिल्ह्यात गेला तर त्याची नोंद तिकडच्या केंद्राकडं वर्ग करता येते. साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा असतो, ऊसतोडीचा हंगामही जवळपास तेवढाच. म्हणजे ऑक्टोबरमध्ये गोळ्या सुरू झालेल्या रुग्णाचा जवळजवळ सगळा उपचार परमुलखात होतो. निघण्याआधी आयडी वर्ग झाला तर गोळ्या तिकडच्या केंद्रातून मिळतात. पोषणासाठीचे महिन्याचे पैसे, जे नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १,००० रुपये झाले, ते खात्यावर येत राहतात. नोंद वर्ग झाली नाही तर गोळ्यांत खंड पडतो, आणि खंड पडला की औषधाला दाद न देणाऱ्या टीबीची भीती.

दुसरं उदाहरण लसीच्या फ्रिजचं. बहुतेक लसी २ ते ८ अंश तापमानात ठेवाव्या लागतात. ई-विन या यंत्रणेत शीतसाखळी केंद्रातल्या फ्रिजला सिमकार्ड असलेलं तापमान नोंदवणारं यंत्र लावलेलं असतं. तापमान मर्यादेबाहेर गेलं की संबंधित कर्मचाऱ्याच्या फोनवर मेसेज येतो. आपल्याकडं लाईट कधी जाईल याचा नेम नाही, तिथं हा मेसेज लाखमोलाचा आहे.

या दोन्हींत साम्य काय? माहिती कुणासाठी गोळा होते आणि ती आल्यावर कुणी काय करायचं, हे ठरलेलं आहे. मेसेज आला की फ्रिज बघायचा. आयडी वर्ग झाला की रुग्णाला फोन करायचा. जिथं माहिती फक्त वर पाठवण्यासाठी भरली जाते, तिथं रुग्णाच्या पदरात काही पडत नाही.

ई-संजीवनी : कॉल लागला, पुढं काय?

ई-संजीवनी नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि कोरोनात, एप्रिल २०२० पासून, घरबसल्या सल्ल्याची सोयही आली. उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, रुग्णाला समोर बसवून व्हिडिओवर डॉक्टर जोडून देतो. तालुक्याला जायचं भाडं आणि दिवस दोन्ही वाचतात. मधुमेह, बीपी, त्वचेचे आजार यांच्या फेरतपासणीला ही सोय चांगली आहे.

पण पलीकडच्या डॉक्टरला दिसतं तेवढंच, जेवढं इकडून मोजून सांगितलं जातं. बीपीचं मशीन बिघडलेलं असेल किंवा आकडा अंदाजानं टाकला असेल, तर सल्लाही तसाच येणार. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. प्रत्यक्ष तपासणीची गरज वाटली तर डॉक्टरनं तसं सांगायचं, आणि काही औषधं फोनवरून लिहायचीच नाहीत. त्यामुळं दिवसाला किती कॉल झाले यावर काम मोजायला लागलं की गाडी रुळावरून घसरते. किती जणांना वेळेत पुढं पाठवलं आणि ते तिथं पोहोचले का, हे मोजायला हवं.

ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

आभा काढताना, नोंद दाखवताना संमती लागते आणि ती बहुतेक वेळा ओटीपीवर चालते. आता टोळीतल्या घराचं चित्र बघा. घरात फोन एक, तोही नवऱ्याच्या खिशात. आधारला जोडलेला नंबर दोन सिमपूर्वीचा. फडात रेंज नाही. अशा वेळी बाईची संमती म्हणजे नवऱ्याच्या फोनवर आलेले सहा आकडे. गर्भपात, गुप्तरोग, मानसिक त्रास अशा नोंदींबाबत हा प्रश्न आणखी नाजूक होतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्यात संमतीला महत्त्व आहे. पण उपकेंद्राच्या टेबलावर बाईला आधी मराठीत समजावून सांगितलं का, यावरच ती संमती खरी की खोटी ते ठरतं.

नोंद ही सोय आहे, तसा पहाराही

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा विषय राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भाशयं काढलेली आढळली. हे समजायला घरोघरी जाऊन विचारावं लागलं. प्रत्येक शस्त्रक्रियेचं कारण, सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि बाईचं वय एका जागी नोंदलेलं असतं, तर अमुक ठिकाणी आकडा का फुगतोय, हे कुणाच्या तरी नजरेत कितीतरी आधी आलं असतं. म्हणून खासगी दवाखान्यांच्या नोंदी आभाला जोडल्या जाणं ही फक्त सोयीची बाब नाही. अनावश्यक शस्त्रक्रियांवर तो वचक आहे.

भरणारे हात थकलेत

ही सगळी माहिती भरतं कोण? आशाताई, एएनएम, सीएचओ. एक नोंद रजिस्टरमध्ये, तीच ॲपमध्ये, तीच पुन्हा दुसऱ्या पोर्टलवर. सर्व्हर बंद पडला की रात्री घरी बसून भरायचं. २०२३-२४ च्या आशा-गटप्रवर्तकांच्या आंदोलनात मानधनाबरोबर ऑनलाइन कामाच्या सक्तीचा मुद्दाही होता. थकलेल्या माणसाच्या हातून चुका होतात. मग सगळ्यांचं बीपी १२०/८० दिसू लागतं. चुकीची नोंद ही नसलेल्या नोंदीपेक्षा घातक, कारण पुढचा डॉक्टर तिच्यावर विश्वास ठेवतो.

कागद टाकून देऊ नका

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या सर्वात नावाजलेल्या रुग्णालयाला कित्येक दिवस हातानं कागदावर काम करावं लागलं. तिथं ही गत, तर रेंज नसलेल्या उपकेंद्राचं काय? गरोदर मातांच्या तपासणीसाठी दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचं शिबिर असतं. तिथं जोखमीच्या मातेच्या कार्डावर लाल स्टिकर लावला जातो. कानडी डॉक्टरलाही लाल रंग कळतो. हे कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून सामानात जाणं आणि तीच नोंद आभाला जोडलेली असणं, दोन्ही पाहिजे.

टोळी निघण्याआधी

यासाठी नवा निधी, नवं ॲप लागत नाही. टोळ्या निघण्याआधीच्या पंधरवड्यात प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रानं आपल्या हद्दीतून जाणाऱ्या गरोदर माता, टीबी रुग्ण, बीपी-शुगरचे रुग्ण आणि लस बाकी असलेली मुलं यांची यादी करावी. मुकादमाला कुठली टोळी कुठल्या कारखान्याला चालली हे पाठ असतं, त्याला विचारावं. टीबीच्या नोंदी वर्ग कराव्यात. लाल स्टिकरच्या मातांची माहिती तिकडच्या आरोग्य केंद्राला फोन करून कळवावी. प्रत्येकाच्या हातात एक कागद द्यावा, त्यावर रक्तगट, चालू औषधं, न सोसणारी औषधं, पुढच्या तपासणीची तारीख आणि संपर्काचा नंबर असावा.

ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीत प्रश्नही बदलावे लागतील. किती आभा कार्ड निघाली, हे विचारणं पुरे झालं. किती कार्डांना निदान एक तरी नोंद जोडलीय? मागच्या हंगामात गेलेल्या गरोदर बायांपैकी किती जणींची तपासणी तिकडं झाली? किती टीबी रुग्णांच्या गोळ्यांत खंड पडला? या तीन प्रश्नांची उत्तरं ज्या आरोग्य केंद्राकडं असतील, तिथं डिजिटल आरोग्य खरोखर पोहोचलं असं म्हणता येईल. बाकी ठिकाणी अजून फक्त कार्ड पोहोचलंय.