बरोब्बर दहा सेकंद

साइट रखडायला लागली की आपल्याकडे उपाय ठरलेला. रॅम वाढवा, नाहीतर डेटाबेसवाल्याला धरा. घड्याळ लावून मोजायचं मात्र कुणालाच सुचत नाही. मलाही सुचलं नव्हतं.

झालं असं, की आम्ही मायएसक्यूएल वेब सर्व्हरवरून काढून वेगळ्या मशीनवर नेलं आणि प्रत्येक पान उघडायला दहा सेकंद लागायला लागले. डीबीए म्हणाला, "अरे, माझ्याकडे सगळं झकास चाललंय. स्लो क्वेरी लॉगपण रिकामा आहे." मी तडक मॅनेजरसकट सगळ्यांना सीसी करून मेल टाकली, की डेटाबेस टीम हात झटकतेय.

तो खरं बोलत होता हो! डेटाबेसच्याच मशीनवरून 'लोकलहोस्ट'ला जोडलं, तर लिनक्सवर मायएसक्यूएल नेटवर्कच्या वाटेला जातच नाही, सॉकेट फाइल वापरतं. आणि तो लॉग क्वेरीचा वेळ मोजतो, कनेक्शन जुळायला लागलेला नाही.

शेवटी वेब सर्व्हरवरून ३३०६ पोर्टला टेलनेट केलं. जोडणी लगेच झाली, मग शांतता... आणि दहा सेकंदांनी सर्व्हरने आपली आवृत्ती सांगितली. म्हणजे नेटवर्क ठीक, आणि क्वेरी तर अजून पाठवलीच नव्हती. पुन्हा केलं, पुन्हा बरोब्बर दहा. खरं काम असं राउंड फिगरमध्ये कधी संपत नाही. आकडा गोल दिसला की मी आता आधी टाइमआउट शोधतो. लिनक्स डीएनएसच्या उत्तराची ५ सेकंद वाट बघतं आणि मुळात असे दोन प्रयत्न करतं. मायएसक्यूएल येणाऱ्या आयपीचं नाव विचारत होतं, आणि ज्या डीएनएस सर्व्हरला विचारत होतं तो कधीच बंद झाला होता! पीएचपी प्रत्येक पानाला नवं कनेक्शन उघडतंय म्हटल्यावर भोगा.

कॉन्फिगमध्ये 'स्किप-नेम-रिझॉल्व्ह' टाकलं, काम झालं. (आधी युजरच्या परवानग्यांमधली होस्टनेम काढून आयपी घाला, नाहीतर लॉगिनच होत नाही. आम्हाला हे नंतर कळलं.) रॅमचं कोटेशन तोवर मंजुरीला गेलं होतं. आणखी १६ जीबी घातली असती तरी दहाचे साडेनऊ झाले नसते.

असो. सॉरीची मेल मी त्या डीबीएला एकट्यालाच पाठवली. त्याचं उत्तर आलं, "ठीक आहे रे." तो सीसी मात्र तसाच राहिलाय. सोमवारी रिप्लाय ऑल करायचंय.