डाग आणि ॲसिडवाले

आमच्या साडूंनी दापोलीजवळच्या घरामागे पोहण्याचा तलाव बांधला, तेव्हा आम्हां उभयतांना आनंदच झाला. म्हणजे मला झाला; सौ.ला आमच्या मोरीतला गळका नळ आठवला. तलाव फार मोठा नव्हे. चौथा हात मारला की तो पलीकडच्या काठावर आपटतो. साडू त्याला 'पूल' म्हणतात, माळी 'टाकी' म्हणतो, आणि बेडूक काहीच न म्हणता वापरतात.

पाणी बोअरचं. भरलं तेव्हा काचेसारखं स्वच्छ! संध्याकाळी साडूंनी स्वहस्ते क्लोरीन टाकलं आणि सकाळी पाहतो तो पाण्याचा चहा झालेला. आठवड्याभरात पांढऱ्याशुभ्र तळावर तांबूस नकाशे उमटले.

आता डाग म्हटला की आपल्याकडे एक पंथ ताबडतोब जागा होतो. तो म्हणजे ॲसिडवाल्यांचा. संडासाची फरशी असो की गच्चीची, यांचं उत्तर एकच : "ॲसिड टाका हो, पाच मिनिटांत चक्क!" ॲसिड फसफसलं की यांना वाटतं, मळ मरतोय. अहो, मळ कसला मरतोय, भिंत मरतेय! फसफसतो तो गिलाव्यातला चुना. तो झिजला की पृष्ठभाग खरखरीत होतो, आणि पुढच्या खेपेचा डाग तिथं जास्त प्रेमानं चिकटून बसतो. या पंथाशी माझं भांडण आहे, आणि ते केवळ गिलाव्यापुरतं नाही.

साडूंनी तलाव रिकामा केला, बाटली माळ्याच्या हाती दिली आणि त्याला खराटा घेऊन खाली उतरवलं. कोपऱ्यातल्या डबक्यात आदल्या दिवशीची ब्लीचिंग पावडर शिल्लक होती, हे कोणाच्याच ध्यानात नव्हतं. ब्लीचिंग आणि ॲसिड भेटले की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेहून जड, म्हणजे खड्ड्यात उतरून बसणारा. माळी खोकत खोकत शिडीनं वर आला, डोळे लाल, तोंडातून शब्द फुटेना. त्याला डॉक्टरकडे नेला. दोन आठवडे घरी होता, आणि बरा झाला हे त्याचं नशीब. मी त्या वेळी काय करत होतो? काठावर चहा पीत होतो, आणि मिनिटभरापूर्वीच म्हणालो होतो, "जरा जोर लावून घास की!" तेव्हा ॲसिडवाल्यांना शिव्या घालताना त्यांतली एक मला लागू आहे, हे कबूल करतो.

वास्तविक डागाला आधी त्याची जात विचारावी. (माणसाला विचारू नये, डागाला जरूर विचारावी.) जांभळाची, आंब्याची पानं तळाशी कुजून पडलेला डाग क्लोरीननंच फिका होतो. आमचा डाग मात्र लोखंडाचा. कोकणातल्या जांभ्या दगडात लोखंड भरपूर. ते पाण्यात विरघळलेलं असतं तोवर दिसत नाही, क्लोरीन पडलं की गंजून तळाला बसतं. म्हणजे एका डागाचं औषध ते दुसऱ्याचं खतपाणी! शेवाळ मारायला कोणी मोरचूद ओतत राहिला, तर निळसर-हिरवे डाग पडतात ते तांब्याचे, तो आणखी निराळा संसार.

ओळखायची युक्ती साधी आहे. मेहुणीच्या सर्दीच्या क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांतली एक घेऊन मी तलावाच्या पायरीवरच्या डागावर पाण्याखाली चोळली. गोळीएवढा पांढरा ठिपका उमटला! साडूंचा चेहरा पडला. इतक्या महागाच्या तलावाचा डाग इतक्या स्वस्त गोळीनं निघावा, हे त्यांना अपमानास्पद वाटलं असावं.

मग त्याच जीवनसत्त्वाची पूड आणून टाकली. आधी पाण्यातलं क्लोरीन उतरू द्यावं लागतं, नाहीतर दोघं एकमेकांनाच खाऊन संपतात. डाग गेला, लोखंड मात्र गेलं नव्हतं, परत पाण्यात विरघळलं होतं. घाईनं क्लोरीन ओतलं की पाहुणे पुन्हा हजर. म्हणून धातू धरून ठेवणारं औषध घालायचं, क्लोरीन हळूहळू वाढवायचं आणि पीएच ७.२ ते ७.६ च्या दरम्यान ठेवायचा. आता नवं पाणी आधी वरच्या टाकीत फवाऱ्यानं पडतं, हवा खातं, गंज तिथंच खाली बसतो, आणि मग ते वाळूतून गाळून तलावात येतं. लोखंडी खुर्ची काठावर ठेवायला बंदी आहे. यात मर्दुमकी काही नाही, म्हणून ॲसिडवाल्यांना हे पटत नाही.

साडूंनी ती बाटली अजून टाकलेली नाही. "असू दे, कधी लागते," म्हणतात. ॲसिड पडलेला कोपरा आजही सर्वांत आधी तांबूस होतो. माळी रोज जाळीनं पानं काढतो, पण त्या कोपऱ्याशी आला की वळसा घालून पुढं जातो. तिथली पानं मी काढतो.