एका नाण्याच्या तीन किमती

आमच्या महाविद्यालयाचे मुख्य लिपिक लवकरच सेवानिवृत्त होत आहेत. परवा त्यांनी चांदीचे एक नाणे माझ्या टेबलावर ठेवले. मेलबर्न येथे नोकरीस असलेल्या त्यांच्या जावयाने ते पाठविले होते. एका बाजूस ड्रॅगन, दुसऱ्या बाजूस राणी एलिझाबेथची मुद्रा. वजन एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम, आणि वर कोरलेली किंमत अवघा एक डॉलर! त्यांची नात २०२४ साली, चिनी पंचांगातील ड्रॅगनच्या वर्षात जन्मली. निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या रकमेतून दरसाल त्या त्या वर्षाच्या प्राण्याची वीस नाणी घेत गेल्यास बारा वर्षांत संच पुरे होतील आणि नातीच्या शिक्षणाची सोय होईल, अशी जावयाची सूचना होती. "सर, हे करावे काय? आणि याची खरी किंमत तरी किती समजायची?" असा त्यांचा प्रश्न होता.

प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याला एक नव्हे, तीन उत्तरे आहेत. ऑस्ट्रेलियाच्या कायद्याप्रमाणे हे नाणे एका डॉलरचे आहे. त्यातील चांदीची किंमत त्याच्या कितीतरी पट आहे. २०२४ च्या आरंभी जागतिक बाजारात चांदी औंसाला सुमारे २३ अमेरिकी डॉलर, म्हणजे ३५ ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात होती. आणि ज्या किमतीला ते ग्राहकाच्या हाती पडते, ती या दुसऱ्या किमतीहूनही अधिक असते. अंकित मूल्य, धातुमूल्य आणि विक्रीमूल्य या तीन किमतींमधील अंतरात या व्यवहाराचे सारे अर्थशास्त्र सामावलेले आहे.

नाणे आणि त्यातील धातू यांचा संबंध नेहमीच असा नव्हता. १८३५ पासून हिंदुस्थानात चाललेला रुपया १८० ग्रेन वजनाचा होता व त्यात अकरा-बारांश भाग शुद्ध चांदी होती. कोणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टाकसाळीत जावे आणि किरकोळ आकार देऊन तिचे रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. रुपयाची किंमत आणि चांदीची किंमत यांत त्यामुळे फारसा फरक पडत नसे. पुढे जगात चांदीचा भाव घसरत गेला आणि जून १८९३ मध्ये सरकारने ही मुभा काढून घेतली. तेव्हापासून रुपया हे प्रतीक-नाणे झाले. त्यातील धातूपेक्षा त्यावरील शिक्का अधिक मोलाचा ठरला. ड्रॅगनच्या नाण्याची गोष्ट नेमकी उलटी आहे. येथे शिक्क्याने सांगितलेली किंमत धातूच्या किमतीपुढे नगण्य आहे. असे नाणे बाजारहाटासाठी कोणी खर्च करणार नाही. हलके नाणे व्यवहारात राहते आणि भारी नाणे तिजोरीत जाते, हा ग्रेशॅमचा नियम विद्यार्थी पाठ करतात. येथे तर नाणे तिजोरीत जाण्यासाठीच जन्माला येते.

मग त्यावर एक डॉलर हा आकडा तरी कशाला? कारण त्या आकड्याने चांदीच्या चकतीला राज्यसत्तेचे पाठबळ मिळते. वजन आणि शुद्धता यांची हमी सरकारी टाकसाळ देते. पर्थची टाकसाळ १८९९ मध्ये ब्रिटिश टाकसाळीची शाखा म्हणून सुरू झाली आणि १९७० पासून ती पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या राज्य सरकारकडे आहे. काही देशांत करांतही लाभ होतो. ब्रिटनमध्ये तेथील विधिग्राह्य नाण्यांच्या विक्रीतून झालेल्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर पडत नाही. अंकित मूल्य खर्चासाठी नसून दर्जासाठी आहे. चलन निर्माण करण्याचा सार्वभौम अधिकार येथे एका विक्रेय मालाच्या कामी लावलेला आहे.

या मालाचा इतिहासही बोधप्रद आहे. १९७६ मध्ये ब्रिटिश अमलाखालील हाँगकाँगने ड्रॅगन वर्षाचे सोन्याचे नाणे काढले. १९८१ मध्ये खुद्द चीनने कोंबड्याच्या वर्षापासून आपली मालिका सुरू केली. त्यात ३० युआनचे चांदीचे नाणे होते. ऑस्ट्रेलियाने १९९६ मध्ये सोन्यात आणि १९९९ मध्ये चांदीत, कॅनडाने १९९८ मध्ये, तर ब्रिटनने २०१४ मध्ये याच वाटेवर पाऊल टाकले. उंदीर, बैल, वाघ, ससा यांच्यावर ज्या चीनने हक्क सांगावा, त्या चीनचे चांदीशी नाते मात्र दुःखद आहे. १९३४ मध्ये अमेरिकेने आपल्या खाणमालकांच्या सोयीसाठी चांदी खरेदीचा कायदा केला. जगात चांदी महागली, चीनमधील चांदीचा ओघ बाहेर लागला, तेथे भाव कोसळले आणि नोव्हेंबर १९३५ मध्ये त्या देशाला रौप्यचलन सोडावे लागले. एकेकाळी चांदीच्या भावाबरोबर कोट्यवधी लोकांची उपजीविका वरखाली होत होती. आज त्याच धातूवर त्यांच्या राशींची चित्रे उमटवून परकी टाकसाळी ती हौशी संग्राहकांना विकत आहेत.

विक्रीमूल्य धातुमूल्याच्या वर जाते ते कशाच्या बळावर? घडणावळ व वितरणाचा खर्च हा त्याचा एक भाग. उरलेला भाग दुर्मिळतेचा. परंतु ही दुर्मिळता निसर्गाची नाही, घोषणेची आहे. पर्थची टाकसाळ एक औंसाची नाणी तीन लाखांहून अधिक पाडणार नाही असे जाहीर करते. खाणीतील चांदी मर्यादित असते ती भूगर्भामुळे. नाणे मर्यादित होते ते संचालकांच्या निर्णयामुळे. त्यातच मालिका बारा वर्षांची. ज्याने ड्रॅगन घेतला त्याला २०२५ चा सर्प आणि २०२६ चा अश्व घ्यावासा वाटतोच, कारण अपुरा संच मनाला खटकतो. तैवान, हाँगकाँग, सिंगापूर येथे पूर्वी ड्रॅगनच्या वर्षात जन्मांची संख्याही वाढत असे. मग नाण्यांची मागणी वाढली तर नवल नाही. टंचाईचा महिमा असा की, २०१४ मध्ये ब्रिटनच्या टाकसाळीत अश्वाच्या काही नाण्यांना चुकून दुसऱ्याच नाण्याचा साचा लागला, आणि ती सदोष नाणी निर्दोष नाण्यांपेक्षा महाग विकली गेली.

येथे कोणी म्हणेल की, ज्यांनी २०२४ मध्ये नाणी घेतली त्यांचा फायदाच झाला. खरे आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदीने औंसाला ५० डॉलरची पातळी ओलांडली. परंतु हा फायदा ड्रॅगनने दिला नाही, चांदीने दिला. साधी लगड घेणाऱ्यालाही तो मिळाला, आणि त्याने अधिमूल्य मोजलेले नसल्याने टक्केवारीत थोडा अधिकच मिळाला. शिवाय चांदीचा स्वभावही विसरता येत नाही. जानेवारी १९८० मध्ये टेक्सासच्या हंट बंधूंच्या साठेबाजीने भाव ५० डॉलरच्या जवळ गेला आणि मार्चअखेर ११ डॉलरच्या आसपास आदळला. त्या जानेवारीत ज्याने चांदी घेतली, त्याला तोच आकडा पार झालेला पाहण्यास ४५ वर्षे थांबावे लागले. आणि तेवढ्या काळात अमेरिकेतील किंमतपातळी चौपट झाली होती.

काही जुन्या ड्रॅगन नाण्यांना संग्राहक आज धातूच्या किमतीहून पुष्कळ अधिक भाव देतात, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु तो भाव देणारा संग्राहक शोधावा लागतो. नड असलेल्या माणसाला शोधण्यास वेळ नसतो. तो सराफाकडे जातो आणि सराफ तराजू काढतो. धनत्रयोदशीला घेतलेले लक्ष्मीचे नाणे मोडताना आपल्या घराघरांतून हाच अनुभव येतो. ते नाणे विधिग्राह्य नाही, ड्रॅगनचे आहे. पण तराजूला हा भेद कळत नाही.

यात फसवणूक आहे असे माझे म्हणणे नाही. टाकसाळ वजन खरे देते, चांदी शुद्ध देते, संख्याही जाहीर करते. गल्लत होते ती घेणाऱ्याच्या मनात. हौस आणि बचत यांची खाती तो एकत्र करतो. हौसेला किंमत मोजावी, तीत लाज कसली? परंतु हौसेचा खर्च गुंतवणुकीच्या रकान्यात मांडला की हिशेब चुकतो, आणि मध्यमवर्गीय माणसाला वृद्धापकाळी हिशेब चुकणे परवडत नाही.

मुख्य लिपिकांना मी एवढेच सांगितले की, जावयाने प्रेमाने पाठविलेले हे नाणे नातीसाठी जपून ठेवावे. वाटल्यास दरसाल एक घेऊन तिचा संच पुरा करावा. परंतु वीस नाण्यांचा विचार सोडावा आणि तिच्या शिक्षणाचा पैसा जेथे व्याज मिळते व गरजेच्या दिवशी हाती येतो तेथे ठेवावा. ते क्षणभर नाण्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी ते रुमालात गुंडाळून खिशात टाकले आणि म्हणाले, "म्हणजे सर, एकोणीस नाण्यांचे पैसे वाचले." आयुष्यभर रोजकीर्द लिहिलेल्या माणसाचा हिशेब होता तो. त्यात मला दुरुस्ती सुचली नाही.