आजींची बाटली आणि माझी चिठ्ठी

‘सणासुदीला आजाराचं कसलं लिहिता?’ असे आमच्या घरातून विचारले गेलेच. पण यंदा जे लिहायचे आहे त्यात माझीच एक चूक आहे, आणि चूक कबूल करायला दिवाळीइतका चांगला मुहूर्त नाही. वाचणाऱ्याच्या तोंडात लाडू असतो, त्यामुळे तो फार बोलत नाही.

माझ्याकडे येणारी ही मुलगी आठ वर्षांची. ‘पापा घेतला की पोर खारट लागते हो,’ असे तिच्या आजींनी ती वर्षाची असतानाच सांगितले होते. पुढे घामातल्या मिठाची तपासणी झाली आणि आजींचेच निदान खरे ठरले. रोगाचे नाव सिस्टिक फायब्रोसिस. हा गोऱ्या लोकांचा रोग, असे आम्ही कॉलेजात शिकलो. तो आपल्याकडेही आहे. आपण त्याला ओळखत नाही, इतकेच.

या रोगात अंगातले स्राव घट्ट आणि चिकट होतात. छातीत कफ साचतो. स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात, मग तूप-तेल पचत नाही, आणि तेलात विरघळणारी जीवनसत्त्वे शौचावाटे निघून जातात. १९३८ साली न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलात डोरोथी अँडरसन या बाईंनी अशा ४९ मुलांची हकिकत मांडून रोगाला ओळख दिली. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावानेच फुप्फुसे बिघडतात, असा त्यांचा तर्क होता. तो पुढे टिकला नाही. पण या मुलांना ‘अ’ जीवनसत्त्व द्यावे लागते, हे मात्र खरेच आहे. नाहीतर रातांधळेपणा येतो, बुबुळे कोरडी पडतात.

म्हणून या मुलीलाही थेंब चालू होते. गेल्या श्रावणात तिला ताप आणि खोकला झाला, रक्त तपासले, आणि ‘अ’चा आकडा खाली दिसला. मी चिठ्ठीवर थेंब दुप्पट लिहिले. दोन महिन्यांनी सहज विचारले, ‘आणखी काही देता का?’ आई गप्प. आजींनी पिशवीतून बाटली काढली. माशाचे तेल! घरात कांदाही जपून खाणारे हे कुटुंब, पण नातीसाठी आजींनी सोवळे बाजूला ठेवले होते. माशाच्या यकृतातले तेल म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाचा अर्कच.

मग मी ते जुने रिपोर्ट काढले आणि माझी मलाच लाज वाटली.

‘अ’ जीवनसत्त्वाचे कोठार म्हणजे यकृत. तिथून ते रक्तात न्यायला एक प्रथिन लागते, हमालच म्हणा. हा हमालही यकृतच तयार करते. ताप आला, जंतूंचा जोर झाला, की यकृत हमाल कमी पाठवते. जस्त कमी पडले, यकृत बिघडले, तरी तेच. मग कोठार भरलेले असूनही रक्तात टंचाई दिसते. आणि मी तपासणी ऐन तापात केली होती! ही गोष्ट काही नवी नव्हे. या रोगाच्या मुलांत रक्तात कमी आणि यकृतात भरपूर, हे १९७० नंतरच्या दशकातच दिसून आले होते.

भरलेल्या कोठारात आणखी भरले तर? १५९७ साली डच नाविक बॅरेन्ट्सच्या तुकडीने ध्रुवीय अस्वलाचे यकृत खाल्ले, तेव्हा तिघांची कातडी डोक्यापासून पायापर्यंत सोलली गेली. त्या यकृतात ‘अ’चा प्रचंड साठा असतो. रोज थोडेथोडे जास्त घेतले तर अशी नाट्यमय गोष्ट घडत नाही. घाव बसतो तो यकृतावरच. आपल्या यकृतात ‘अ’ साठवणाऱ्या ज्या पेशी असतात, त्याच दुखावल्या की साठा टाकून व्रणाचे धागे विणू लागतात. आणि या रोगात पित्त घट्ट होऊन बारीक नळ्यांत अडकल्याने शंभरात पाच-दहा जणांचे यकृत आधीच कडक होत असते. मुलीच्या सोनोग्राफीत यकृत खडबडीत दिसले. ते माझ्या थेंबांमुळे नव्हे, इतके सांगता येते. पण दुखऱ्या जागी मी ओझे टाकलेच.

आता थेंब मूळ मापावर आणले आहेत. तेलाची बाटली बंद. पचनाच्या कॅप्सूल जेवणाबरोबर चालू. ताप उतरल्यावर पुन्हा रक्त घेतले, यावेळी ‘अ’ आणि त्याचे प्रथिन दोन्ही एकदम मोजले, तर आकडा मध्यम निघाला. परदेशात २०१९ पासून निघालेल्या नव्या गोळ्यांनी या रोगात चरबी बरी पचू लागते, आणि मग पूर्वीचेच थेंब काही रुग्णांना जास्त होतात, असेही अनुभव आहेत. म्हणजे माप एकदा ठरवून चालत नाही. तिथेही, इथेही.

आजी मात्र माझ्यावर रागावल्या आहेत. ‘मग खायला काय देऊ?’ असे विचारत होत्या. गाजर आणि पिकलेला भोपळा, मी म्हणालो. त्यातले द्रव्य शरीर गरजेपुरतेच ‘अ’मध्ये बदलते, फार तर तळहात पिवळे होतील. त्यांनी शंका घेतली, ‘घारगे चालतील?’

चालतील म्हणालो. तुपातले असतील तर कॅप्सूल विसरू नका, एवढे सांगितले. पुढच्या महिन्यात पुन्हा सोनोग्राफी आहे.