कूळ ‘गत’ झाले म्हणता, मग लेकी कुठे गेल्या?



दौंड तालुक्यात कुठल्याही गावात जा. पाटस घ्या, वरवंड घ्या, कुरकुंभ घ्या. जमिनीच्या हक्काचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते, “आपल्यात लेकीला जमीन द्यायची रीत नाही. शिवाजी महाराजांच्या काळापासून नाही.” हे वाक्य पुरुष बोलतात तसे बायाही बोलतात. बैठकीत ते निघाले की पुढची चर्चा बंद पडते. रीत म्हटली, महाराजांचे नाव घेतले, आता बाईने काय बोलायचे?

मला या रीतीचीच झडती घ्यायची आहे. कारण ती जशी सांगतात तशी एकसंध कधीच नव्हती, आणि आज तिच्या नावाने जे चालले आहे ते तर अगदी अलीकडचे आहे.

सतराव्या शतकातला आपला मुलूख डोळ्यांसमोर आणू. जुन्या कागदांत ‘तर्फ पाटस’ म्हणून ज्याचा उल्लेख येतो, तो हा भीमेकाठचा भाग. शहाजीराजांची पुणे, सुपे, इंदापूरची जहागीर याच मुलखात. १६३० ते १६३२ च्या दुष्काळाने गावेच्या गावे ओस पडलेली. जो मिरासदार, त्याला थळकरीही म्हणत, त्याची जमीन वंशपरंपरेची. जो उपरी, तो बाहेरून येऊन कसणारा. पाटीलकी, कुलकर्ण, महारकी ही वतने, म्हणजे काम आणि त्याबरोबर मान, हक्क आणि जमीन. तंटा झाला की गोतसभा बसे, महजर होई, पाटील त्यावर नांगराची निशाणी करी.

या व्यवस्थेत मृत्युपत्र नावाची चीज नव्हती. आपल्या धर्मशास्त्राला ती ठाऊक नव्हती आणि कुणब्याला तिची गरजही नव्हती. मिताक्षरेप्रमाणे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मानेच. बाप मरायची वाट पाहायला नको, बापाने काही लिहून ठेवायला नको. बापाच्या मनात लेकीला चार बिघे द्यायचे आले, तरी सामाईक जमिनीतले आपल्या मर्जीने तो देऊ शकत नव्हता. सनदा आणि खरेदीखते यांत ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने’ हे शब्द ठरलेले. वाटणी झाली तर तक्षिमा भावाभावांत पडत. तंट्याला आपण शब्दही ‘भाऊबंदकी’ हा दिला. बहीण त्या भांडणात पक्षकारच नव्हती, मग तिच्या नावाचा शब्द कशाला तयार होईल?

पण भाऊबंदकीचे चटके मात्र तिला बसतच होते. संत बहिणाबाईंचेच पाहा. (१६२८ ते १७०० हा त्यांचा काळ.) वडील गावचे कुलकर्णी. लहान वयातच, घरच्या कलहापायी, आईवडील आणि नवरा यांच्यासह त्यांना देवगाव सोडावे लागले. घरात वाटा नाही, पण वाट्याच्या भांडणात परागंदा व्हायची वेळ आली तर बोचके डोक्यावर घेऊन निघायचेच. देहूचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. तुकोबा आणि कान्होबा या दोघा भावांत सावकारीची खते अर्धी अर्धी झाली आणि तुकोबांनी आपला अर्धा वाटा इंद्रायणीत बुडवला, असे चरित्रकार सांगतात. तुकोबांविषयी पूर्ण आदर ठेवून मी विचारते, पदरी पोरे घेऊन संसार ओढणाऱ्या जिजाईचा त्या अर्ध्या वाट्यात किती हिस्सा होता? तिला कोणी विचारले होते का? त्यागाची थोरवी गाताना तिला मात्र आपण कजाग ठरवले. ज्याच्या हाती मालकी असते तोच त्याग करू शकतो. तिच्या हाती होते ते फक्त चुलीवरचे रिकामे भांडे.

मग बाईच्या पदरात काय पडत होते? विधवेला अन्नवस्त्र. थोरामोठ्यांच्या घरात ‘चोळी-बांगडी’साठी नेमून दिलेले उत्पन्न. लग्नात अंगावर घातलेले स्त्रीधन. पाट लावून दुसरे घर केले की पहिल्या नवऱ्याच्या घरावरचा हक्क संपला. १८५६ च्या पुनर्विवाहाच्या कायद्यानेही तो संपवूनच ठेवला. आणि एक शब्द तर मला कधीपासून टोचतो. ज्या मिरासदार घराण्याचा वंश खुंटला किंवा जे परागंदा झाले, त्याच्या जमिनीला ‘गतकुळी’ म्हणत. कूळ गेले! अशा घराण्याच्या चार लेकी शेजारच्या चार गावांत नांदत असतील, त्यांना पोरेबाळे असतील. तरी कूळ गत. आजही तीन मुलींच्या बापाला “पुढं कुणी नाही” असे म्हणतातच की नाही?

इथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, बघा, रीत तशीच होती हे तुम्हीच सांगितलेत. थांबा. याच सतराव्या शतकात मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठाने काशीत ‘व्यवहारमयूख’ लिहिला. मुलगा, विधवा, लेक, आईवडील अशी वारसांची रांग लावताना त्याने आजीच्या मागोमाग बहिणीला उभे केले, दूरच्या चुलत्या-पुतण्यांच्या आधी. कारण काय? ती त्याच गोत्रात जन्मली म्हणून. पुढे मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी मिताक्षरेबरोबर या ग्रंथाचा आधार घेतला. लेक वारस झालीच तर इथे ती पूर्ण मालक होई, इतर प्रांतांतल्यासारखी हयातीपुरती नव्हे. विभक्त नवऱ्याची निपुत्रिक विधवा वारस होई, आणि नवऱ्याची स्पष्ट परवानगी नसतानाही तिला दत्तक घेता येई. मुलगा असला की हे सगळे फोल, हे मी लपवत नाही. ही समता नव्हेच. पण ‘बाईला जमीन कधी नव्हतीच’ हेही खोटे आहे.

आणि जी थोडी फट होती ती बुजवली कोणी? इंग्रज सरकारने. १८७४ च्या वतन कायद्यात १८८६ साली दुरुस्ती झाली. शेवटच्या वतनदाराची विधवा सोडली, तर घराण्यातल्या कोणत्याही बाईचा नंबर घराण्यातल्या पात्र पुरुषांच्या मागे, असे त्यात लिहिले गेले. म्हणजे सख्खी लेक मागे आणि लांबचा भाऊबंद पुढे. ही महाराजांची आज्ञा नव्हती, मुंबई सरकारचा कायदा होता. वतने गेली, पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली, पण त्या कलमाची सवय मात्र गावाने जपून ठेवली आणि तिला ‘परंपरा’ असे नाव दिले.

आता मृत्युपत्राकडे येऊ. जोवर जमीन जन्माने पुरुषाकडेच जात होती, तोवर मृत्युपत्राची आठवण कोणाला होत नव्हती. हिंदू कोड बिल रखडले, बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९५१ मध्ये राजीनामा दिला आणि अखेर १९५६ चा हिंदू वारसा कायदा आला. लेक बापाच्या मिळकतीत वारस झाली. पण त्याच कायद्यात ३० वे कलम आले. एकत्र कुटुंबातला आपला हिस्सा, जो आजवर पुरुषाला मृत्युपत्राने देता येत नव्हता, तो आता देता येऊ लागला. एका हाताने लेकीला वाटा दिला, दुसऱ्या हाताने तो काढून घ्यायचा कागद बापाच्या हाती दिला. हा योगायोग म्हणायचा का?

हे फक्त आपल्याकडेच झाले असेही नाही. सतराव्या शतकात इंग्लंडच्या उत्तर भागात, यॉर्कच्या धर्मप्रांतात, जुन्या रिवाजाने शेतकऱ्याच्या जंगम मालमत्तेत विधवेचा आणि मुलांचा ठरलेला भाग असे. तो त्याला मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नसे. १६९२ साली कायदा करून पुरुषाला ‘मोकळीक’ दिली आणि विधवेचा हक्काचा भाग नवऱ्याच्या मर्जीवर गेला. मृत्युपत्राचे स्वातंत्र्य म्हणजे बहुतेक वेळा मालकाचे स्वातंत्र्य असते, आणि मालक कोण ते आपण जाणतोच.

आपल्याकडच्या पुढच्या पायऱ्या पाहा. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्राने मुलींना एकत्र कुटुंबात जन्मजात हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सर्व मुलींना, लग्न झालेल्यांनाही, तो मिळाला आणि शेतजमिनीची पळवाटही बुजली. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनिता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की २००५ मध्ये बाप हयात असण्याची अट नाही. हक्क जन्माचा आहे.

आकडे मांडू म्हणजे नीट कळेल. वडिलोपार्जित ९ एकर. आई आधीच वारलेली. बाप, दोन मुलगे, एक मुलगी. १९५६ च्या हिशेबाने बापाच्या मागे प्रत्येक मुलाला ४ एकर आणि मुलीला १ एकर. २००५ नंतर तिघांना ३-३ एकर. बापाने सगळे मुलांच्या नावे लिहून ठेवले तर? तर बाप फक्त आपलाच चौथा हिस्सा देऊ शकतो. मुलीचे २ एकर १० गुंठे तिचेच राहतात. हे गुंठे पाठ करा आणि बैठकीत सांगा. कारण “दादांनी मृत्युपत्र केलंय, आता काही होत नाही” असे सांगून शेकडो बायांना गप्प केले जाते. बापाने स्वतः कमावलेली जमीन मात्र तो हवी त्याला देऊ शकतो. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदवलेली वाटणीही मोडता येत नाही. पण ‘तोंडी वाटणी कधीच झाली होती’ हे नुसते म्हणणे न्यायालयात सहज टिकत नाही.

मृत्युपत्राने जिथे जमत नाही तिथे हक्कसोड आहेच. थोडक्या रुपयांच्या मुद्रांकावर बहीण लिहून देते की मी राजीखुशीने हक्क सोडते. एका निबंधक कचेरीबाहेर मी हे पाहिले आहे. दहाव्या-बाराव्याला आलेल्या तीन बहिणींना भाऊ जीपमधून घेऊन आला होता. अंगठे झाले, चहा झाला, साडीचोळी झाली. धाकटीने मला हळूच विचारले, “ताई, हे कसले कागद?” चोळी-बांगडी सतराव्या शतकातली होती, साडीचोळी आजची आहे. किंमत तेवढीच राहिली. फक्त ज्या जमिनीवर पाणी सोडायचे तिची किंमत कुठल्या कुठे गेली. कालव्याचे पाणी आले, ऊस आला, साखर कारखाना झाला, पुणे-सोलापूर रस्ता रुंद झाला, आणि जिरायतीचे चार एकर सोन्याचे झाले. १९९१ सालच्या ‘माहेरची साडी’ने महाराष्ट्रातल्या बायांना धो धो रडवले. साडीच्या बदल्यात माहेरात काय ठेवून आलो, हे मात्र कोणी विचारले नाही.

सबबी ठरलेल्या आहेत. “हुंडा दिला, लग्नात खर्च केला.” हुंडा तिच्या हातात पडला का? तो सासऱ्याने घेतला, १९६१ पासून तो गुन्हा आहे, आणि भावाच्या लग्नातला खर्च कोणी त्याच्या वाट्यातून कापला नाही. “जमिनीचे तुकडे पडतील.” तीनशे वर्षे भावाभावांत तक्षिमा पडत आल्या तेव्हा तुकडे पडले नाहीत? “जावई येऊन बसेल.” सून येऊन राबते तेव्हा ती कोणाची कोण असते? “माहेर तुटेल.” हे शेवटचे सगळ्यात खोल जाते, कारण ते खरे आहे. नवऱ्याने टाकलेल्या बाईला माहेरच्या ओट्याशिवाय जागा नसते, म्हणून ती ओट्यासाठी शेत सोडते. पण बायांनो, शेत नावावर असते तर ओट्यासाठी कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागले असते का?

नोव्हेंबर १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला आणि गावोगाव पुरुषांनी बायकांच्या नावे जमीन केली. चांगलेच झाले. पण ते नवऱ्याने बायकोला दिलेले देणे होते, लेकीचा हक्क नव्हे. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिती खात्यांपैकी बायांची खाती जेमतेम १४ टक्के निघाली. शेतात कोण राबते ते पाटसच्या कोणत्याही बांधावर उभे राहून मोजावे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात.

एक, मृत्युपत्राला मर्यादा हवी. मुसलमान कायद्यात एक-तृतीयांशाच्या वर मृत्युपत्राने देता येत नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासून निम्मी मिळकत मुलांसाठी राखीव असते, मुलगा-मुलगी असा भेद न करता. १९७४ च्या स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या समितीनेही मर्यादा घालायला सांगितले होते. मग इथेच बापाला संपूर्ण मोकळीक कशासाठी?

दोन, मृत्यूनंतर ठरावीक मुदत जाईपर्यंत हक्कसोड नोंदवू नये, आणि बाईला एकटीला बसवून, तिच्या हिश्श्याचे क्षेत्र आणि किंमत वाचून दाखवल्याशिवाय तर नाहीच.

तीन, सातबाऱ्यावर लेकीचे नाव कब्जेदार म्हणून लागावे, ‘इतर हक्कां’त ढकलू नये. २०२५ मध्ये सरकारने मयत खातेदारांच्या वारसांसाठी ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली. आपल्या गावात त्यात किती लेकींची नावे लागली याची यादी प्रत्येक गटाने फेरफार पाहून करावी.

या यादीपासूनच सुरुवात करू. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या माहेरचा सातबारा आणि फेरफाराची नक्कल काढून आणावी. त्यावर आपले नाव आहे का, असल्यास कोणत्या रकान्यात आहे, आणि नसल्यास कोणत्या कागदाने ते गेले, एवढे तरी आपल्याला माहीत असलेच पाहिजे. रीतीचे नाव घेऊन कोणी बोलायला लागला तर त्याला विचारा, कोणती रीत? नीलकंठ भट्टाची, की १८८६ च्या इंग्रज सरकारची?