मदत नको, वांटा हवा

घरच्या परसांत भाजी लावण्याचा विषय निघाला कीं सुशिक्षित कुटुंबांत बहुधा दोन उत्तरें ऐकूं येतात. "हल्लीं एवढा वेळ कोणाला आहे?" हें पहिलें, आणि "सर्वांनीं थोडी थोडी मदत केली तर कठीण तें काय?" हें दुसरें. पहिलें उत्तर देणारे निदान प्रामाणिक असतात. दुसरें उत्तर देणाऱ्यांत आम्ही स्वतः होतों, आणि त्या उत्तराची किंमत आमच्या घरांतील एका व्यक्तीला कशी द्यावी लागली, हें आज वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

आमचें मूळ घर जुन्नरास. दोन मुलगे, दोन सुना, नातवंडें आणि आम्ही उभयतां असा एकत्र संसार आहे. घरामागें आडाच्या पलीकडे बऱ्यापैकीं मोकळी जागा आहे. जुन्नर व आंबेगांव हे तालुके भाजीपाल्याचेच. नारायणगांवचा टोमॅटो, ओतूरचा कांदा आणि आंबेगांव तालुक्याच्या सातगांव पठारावरील बटाटा यांची कीर्ति दूरवर आहे. येडगांव, माणिकडोह, वडज, पिंपळगांव जोगे व डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांनीं तर या भागाची शेतीच पालटून टाकली. अशा मुलखांत राहून परसांत भाजी पिकविल्यानें पैशांची मोठी बचत होते, असें आम्ही म्हणणार नाहीं. पण ज्या मुलांना मेथी बाजारांत उगवते असें वाटतें, त्यांच्या हाताला माती लागावी, आणि दिवसाकांठीं घरांतील माणसें एकदां तरी एका ठिकाणीं यावींत, एवढ्याच हेतूनें आम्हीं हा उद्योग आरंभिला.

ही गोष्ट तीन वर्षांपूर्वींच्या ज्येष्ठांतली. आम्हीं जमीन खणून सपाट वाफे केले आणि मिरची, वांगीं व टोमॅटो यांचें बीं टाकलें. रोपें बोटभर झालीं न झालीं तोंच पाऊस लागला. दोन दिवस वाफ्यांत पाणी तुंबलें आणि तिसऱ्या दिवशीं पाहतों तों निम्मीं रोपें मातीलगत मान टाकून आडवीं झालेलीं. यासच शेतकरी रोपांची मर म्हणतात. ओल साचून राहिली कीं मातींतील बुरशी बळावते आणि कोंवळा देंठ मुळाशींच कुजतो. औषधापूर्वीं यावर खरा उपाय म्हणजे पाण्याला वाट देणें, आणि तो उपाय म्हणजे गादीवाफा.

गादीवाफा म्हणजे जमिनीपासून वीतभर उंच केलेला, माथ्यावर सपाट असा वाफा. ही युक्ति फार जुनी आहे. मेक्सिको शहराच्या दक्षिणेस शोचिमिल्को येथें सरोवराच्या उथळ पाण्यांत गाळाचे उंच वाफे रचून शेती करण्याची रीत कित्येक शतकें चालत आली आहे. आमच्या जवळच्या खेड तालुक्यांत राजगुरुनगर येथें कांदा व लसूण यांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे. १९९४ सालीं नाशकास निघालेली ही संस्था १९९८ सालीं तेथें आली. शेतांतील कांद्यासाठीं माथ्यावर १२० सेंटिमीटर रुंद व १५ सेंटिमीटर उंच वाफा करावा आणि दोन वाफ्यांमध्यें ४५ सेंटिमीटरची सरी ठेवावी, अशी तिची शिफारस आहे.

परसासाठीं मात्र लांबी ३ मीटर, रुंदी १ मीटर आणि उंची १५ ते २० सेंटिमीटर हें माप सोयीचें. रुंदी याहून अधिक नसावी. कारण दोन्ही बाजूंस बसून मधल्या ओळीपर्यंत हात पोंचला पाहिजे आणि वाफ्यावर पाय पडतां कामा नये. पायाखालीं दबलेल्या मातींत ना पाणी मुरत, ना मूळ पसरत. जमीन फूटभर खणून ढेंकळें फोडावींत, चांगलें कुजलेलें शेणखत व पालापाचोळ्याचें खत मिसळावें आणि दोन्ही बाजूंच्या वाटेवरील माती वर ओढून माथा सपाट करावा. बीं चार चार बोटांच्या अंतरानें आडव्या ओळींत, अर्ध्या बोटाहून खोल न टाकतां पेरावें, वर चाळलेलें खत पसरावें आणि झारीनें हलकें पाणी द्यावें. टोमॅटोचें रोप सुमारें चार आठवड्यांत, मिरची व वांगें पांच ते सहा आठवड्यांत आणि रब्बीचा कांदा सात ते आठ आठवड्यांत लावणीस येतो. एक दोष मात्र ध्यानांत ठेवावा. जो वाफा पावसाळ्यांत पाणी लवकर सोडतो, तोच उन्हांत लवकर सुकतो. म्हणून पाऊस सरल्यावर रोपांच्या बुडाशीं पाचटाचें आच्छादन हवें आणि पाण्याचा नेम चुकतां कामा नये.

नेमकें येथेंच आमचें घोडें अडलें. भाद्रपदांत एका रविवारीं सगळें घर लोटलें. आठ वाफे झाले, फोटो निघाले, कौतुक झालें. "आतां सर्वांनीं मदत करावयाची," असें आम्हींच जाहीर केलें. दसऱ्यापर्यंत पाणी घालण्यास तीन झाऱ्या असत, दिवाळीपर्यंत एकच राहिली, आणि ती धाकट्या सूनबाईच्या हातीं होती. ती शाळेंत शिक्षिका आहे. पहांटे उठून वाफ्यांस पाणी घालावें, मग डबे करावेत, मग शाळा गांठावी, असा तिचा क्रम केव्हां पडला हें आम्हां कोणाच्याच ध्यानीं आलें नाहीं. आम्ही सकाळीं चहा घेऊन परसांत फेरी मारीत असूं आणि "ही मिरची जरा पिवळी दिसते," असा अभिप्रायहि देत असूं.

मार्गशीर्षांत तिला तापानें गांठलें आणि ती दहा दिवस अंथरुणास खिळली. अकराव्या दिवशीं ती खांबाला धरून परसदारीं आली, तेव्हां आठांपैकीं सहा वाफे वाळून गेले होते. आम्ही म्हणालों, "सूनबाई, तूं एक शब्द बोलली असतीस तर आम्हीं मदत केली नसती कां?" ती हळूच म्हणाली, "मामंजी, मदतीचें राहूं द्या. सगळ्यांनीं मिळून केलेले वाफे माझे एकटीचे केव्हां झाले, तेवढेंच मला कळलें नाहीं."

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. मदत हा शब्द वरवर गोड आहे. पण मी मदत करतों असें म्हणणाऱ्यानें काम दुसऱ्याचें आहे हें आधींच ठरवून टाकलेलें असतें. वेळ मिळाला तर तो करील, न मिळाला तर त्याच्याकडे बोट दाखविणारा कोणी नाहीं. उरलेलें सगळें ज्याच्या अंगीं कळवळा अधिक, त्याच्या माथीं जातें. आणि एकत्र कुटुंबांत तें माणूस कोण असतें, हें आमच्या वाचकभगिनींस आम्हीं सांगावयास नको.

पुढें पौषांत कांद्याचीं थोडीं रोपें आणण्यासाठीं ओतूरच्या बाजूस एका शेतावर गेलों. हल्लीं लावणी बहुतेक ठिकाणीं मजुरीनें होते. परंतु त्या लहानशा शेतांत तीन घरचीं माणसें ओळीनें बसून लावीत होतीं. आम्हीं एका वृद्ध बाईंना सहज म्हटलें, "शेजाऱ्यांची चांगली मदत होते तुम्हांला." त्या हंसून म्हणाल्या, "मदत कशाची, काका? आज त्यांच्यात, उद्या आमच्यात. सावड फेडायची असती."

सावड हा शब्द आम्हीं लहानपणापासून ऐकला होता; त्याचा अर्थ त्या दिवशीं कळला. या दोन्ही तालुक्यांच्या पश्चिम अंगास, सह्याद्रीच्या उतारांवर, महादेव कोळी समाजांत हीच रीत पडकई या नांवानें चालत आली आहे. अनेक कुटुंबें एकत्र येतात, पाळीपाळीनें प्रत्येकाच्या उतारावर बांध घालतात आणि भातखाचरें तयार करतात. ज्याच्या खाचरावर आज दहा माणसें राबलीं, तो त्या दहाजणांचें देणें लागतो. आंबेगांव तालुक्यांतील "शाश्वत" या संस्थेनें ही पडकई हाताशीं धरून डोंगर-उतारावरील शेतीचें मोठें काम उभें केलें, आणि तिला २०१२ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचें इक्वेटर पारितोषिक मिळालें. ज्यांना आपण अशिक्षित म्हणतों, त्यांनीं जें पिढ्यानुपिढ्या ओळखलें तें आमच्या पदवीधर घराला ठाऊक नव्हतें. त्यांच्या रीतींत उपकार करणारा कोणी नसतो. वांटा आणि परतफेड एवढेंच असतें.

पुढच्या वर्षीं आम्हीं सात वाफे केले आणि प्रत्येक वाफ्याला धनी नेमला. मेथी आमची, पालक व कोथिंबीर सौभाग्यवतींची, कांदा थोरल्या मुलाचा, वांगीं थोरल्या सुनेचीं, टोमॅटो धाकट्या मुलाचा, मिरची धाकट्या सुनेची, आणि मुळा व गाजर नातवंडांचीं. खणणें, खत वाहणें आणि वाफे भरणें हीं जड कामें एकाच दिवशीं सर्वांनीं मिळून करावयाचीं. रोजचें पाणी, खुरपणी व कीड पाहणें हें ज्याचें त्यानें. बाहेरगांवीं जावयाचें झाल्यास कोणा एकाला नांव घेऊन पाळी सोंपवावयाची, आणि परत आल्यावर तितक्याच पाळ्या फेडावयाच्या. "कोणीतरी बघा हं," या वाक्यास बंदी. पाळ्यांची नोंद स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेवर.

एका स्नेह्यांनीं आक्षेप घेतला कीं, एकत्र कुटुंबांत असले हिशेब शोभत नाहींत. आमचें म्हणणें असें कीं, हिशेब न मांडल्यानें देणें फिटत नसतें. तें एकाच माणसाच्या नांवावर गुपचूप सांचत जातें. आमच्या घरीं तें दहा दिवसांच्या तापानें उघडकीस आलें, इतकेंच.

या व्यवस्थेनें सगळेंच साधलें असें नाहीं. नातवंडांचीं गाजरें उन्हांत करपलीं. सौभाग्यवतींचा जीव खालींवर होत होता; पण त्यांनीं झारीला हात लावला नाहीं. चार दिवस रुसून मुलांनीं वाफा पुन्हां खणला आणि मुळा लावला. थोरल्या मुलाच्या ३ चौरस मीटरच्या वाफ्यांत १५ बाय १० सेंटिमीटर अंतरानें २०० रोपें बसलीं. कांदा सरासरी ६० ग्रॅमचा धरला तरी हिशेबानें १२ किलो व्हावा. प्रत्यक्षांत कांहींसा कमी भरला, कारण त्यानें पाणी उशिरापर्यंत चालू ठेवलें. पण तो कांदा निवडतांना तो जितका वेळ बसला, तितका वेळ त्याला घरच्या कोणत्याहि कामांत आम्हीं पाहिलेला नव्हता.

गेल्या माघांत धाकटी सूनबाई आठ दिवस माहेरीं गेली. जातांना तिनें मिरचीच्या चार पाळ्या दिरांना दिल्या आणि चार आम्हांला. परत आली तेव्हां झाडें हिरवीं होतीं. तिनें दिनदर्शिका पाहिली आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या मेथीला चार दिवस पाणी घालून पाळी फेडली. आमच्या नांवावर मात्र थोरल्या सुनेच्या दोन पाळ्या अद्याप देणें आहेत. हा लेख संपवून आम्ही त्याच कामास निघालों आहों.