विश्लेषण : कार्मेलचा नवा मठ कसा उभा राहतो? परवानगीपेक्षा माणसे मिळणे अवघड का?

कोकणात ‘कॉन्व्हेंट’ म्हटले की शाळा आठवते. इंग्रजी माध्यम, कडक गणवेश आणि शिस्तीच्या सिस्टर. रत्नागिरीतही ‘मुलगी कॉन्व्हेंटला आहे’ याचा अर्थ ती शिकायला जाते एवढाच होतो. पण कॅथोलिक चर्चमध्ये शाळा न चालवणाऱ्या, रुग्णालयात न दिसणाऱ्या धर्मभगिनीही आहेत. त्या एकदा मठात गेल्या की आयुष्यभर त्याच आवारात राहतात. त्यांच्यात सर्वाधिक ओळखला जाणारा संघ म्हणजे कार्मेल.

२०२४च्या अखेरीस हा संघ काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा बातम्यांत आला. अमेरिकेत टेक्सासमधल्या आर्लिंग्टन येथील मठ स्थानिक बिशपांशी झालेल्या दीर्घ वादानंतर रोमने बरखास्त केला. त्याच डिसेंबरमध्ये फ्रेंच राज्यक्रांतीत १७ जुलै १७९४ रोजी गिलोटिनवर चढवलेल्या कॉम्पियेन्यच्या १६ कार्मेल धर्मभगिनींना पोप फ्रान्सिस यांनी संत घोषित केले. मठ कोण काढतो, कोण बंद करतो आणि आपल्या किनाऱ्यावर याआधी काय घडले, याची ही उजळणी.

एकांतवासी धर्मभगिनी म्हणजे कोण?

चर्चमध्ये स्त्रियांचे दोन प्रकारचे संघ असतात. एक बाहेर काम करणारे: शाळा, दवाखाने, अनाथालये. दुसरे एकांतवासी. प्रार्थना हेच त्यांचे काम. कार्मेलमध्ये रोज दोन तास मौन ध्यान असते, ठरलेल्या वेळांना सामूहिक प्रार्थना असते आणि गप्पाटप्पांसाठीही वेळ राखून ठेवलेला असतो. बाहेरच्यांना जाळीच्या खिडकीतून भेटायचे, वस्तूंची देवाणघेवाण भिंतीतल्या फिरत्या कपाटातून करायची, ही जुनी पद्धत. औषधोपचार किंवा मतदानासारख्या कारणांसाठी बाहेर पडता येते. मोबाइल आणि समाजमाध्यमांवर सरसकट बंदी नाही. ते संयमाने वापरावे, असे रोमचे सांगणे आहे.

रत्नागिरीकरांना हे अगदीच परके वाटू नये. पावसला स्वामी स्वरूपानंद अनेक दशके देसाईंच्या घरी एका खोलीत राहिले, हे जिल्ह्यातल्या पोरासोरांना माहीत आहे. फरक असा, की कार्मेलमध्ये ही बैठक एकटीने मारायची नसते. ती समूहाने मारायची असते, आणि अडचणी तिथूनच सुरू होतात.

पहिल्याच मठावर खटला का झाला?

सध्याच्या कार्मेल मठांचे मूळ स्पेनमधल्या आविला शहरात आहे. संत तेरेसा यांनी २४ ऑगस्ट १५६२ रोजी तिथे संत जोसेफ यांच्या नावाने छोटा मठ उघडला. त्याआधी त्या ज्या मठात होत्या तिथे शंभरावर स्त्रिया होत्या आणि श्रीमंत-गरीब हा भेद आत येऊनही सुटत नव्हता. म्हणून नवा मठ मोजक्या जणींचा. सुरुवातीला त्यांच्या मनात १३ हा आकडा होता, पुढे कमाल मर्यादा २१ झाली.

शहराने याचे स्वागत केले नाही. या बायकांना ठरावीक उत्पन्न नाही, त्या भिक्षेवर जगणार, म्हणजे भार आमच्यावर पडणार, असा नगरपालिकेचा आक्षेप होता. प्रकरण कोर्टात गेले. ‘यांना पोसायचे कोणी?’ हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक नव्या मठाच्या दारात उभा आहे.

कोकण किनाऱ्याचा अनुभव काय सांगतो?

इथे दोन उदाहरणे आहेत, आणि दोन्ही शेजारची.

पहिले जुन्या गोव्यातले सांता मोनिका. हा कार्मेलचा नव्हे, ऑगस्टिन संघाचा मठ. आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी १६०६ मध्ये तो सुरू केला. तीन मजली, किल्ल्यासारखी इमारत. शंभर जणींची मर्यादा. तिथे प्रामुख्याने पोर्तुगीज घराण्यांतल्या मुली आणि विधवा जात आणि येताना हुंडा आणत. शहराचा पैसा या भिंतींआड जातो, अशी गोव्याच्या नगरसभेची तक्रार होती. १६३६ मध्ये आग लागली, इमारत पुन्हा बांधली गेली. आगीने, तक्रारींनी मठ संपला नाही. तो संपला एका सरकारी हुकमाने. १८३४ मध्ये पोर्तुगालने धार्मिक संघ बरखास्त केले. पुरुषांचे मठ रिकामे झाले. स्त्रियांना मरेपर्यंत राहण्याची मुभा मिळाली, पण नव्या मुली घेण्यास मनाई झाली. मग काही दशके तो प्रचंड वाडा एकेका मृत्यूने ओस पडत गेला. आज तिथे ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे.

दुसरे उदाहरण मंगळूरचे, आणि ते कार्मेलचेच. तिथले बिशप मारी-एफ्रेम हे फ्रेंच आणि स्वतः कार्मेल संघाचे. १८७० मध्ये त्यांनी फ्रान्समधल्या पो शहरातून धर्मभगिनींची तुकडी बोलावली. प्रवास जीवघेणा ठरला. मंगळूर गाठण्याआधीच तिघींचा मृत्यू झाला. फ्रान्सहून आणखी जणी आल्या आणि त्याच वर्षअखेर मठाचे जीवन सुरू झाले. म्हणजे मठ टिकला तो मागे उभ्या असलेल्या मूळ मठामुळे.

या तुकडीत गॅलिलीतल्या इबिलिन गावची, लिहिता-वाचता न येणारी मरियम बवार्दी होती. मंगळूरच्या नव्या मठात २१ नोव्हेंबर १८७१ रोजी तिने व्रते घेतली. पुढे तिच्या आध्यात्मिक अनुभवांवरून वाद पेटला आणि १८७२ मध्ये तिला फ्रान्सला परत पाठवण्यात आले. तिनेच १८७५ मध्ये बेथलेहेममध्ये कार्मेल मठ उभारण्यात पुढाकार घेतला. १८७८ मध्ये ती गेली. २०१५ मध्ये ती संत घोषित झाली. परत पाठवणाऱ्यांची बाजू आज फारशी कोणाला आठवत नाही, हे ओघाने आलेच.

याच १८७० मध्ये याच बिशपांनी मंगळुरात अपोस्तोलिक कार्मेल हा बाहेर काम करणारा संघही आणला. त्याने शाळा काढल्या, पुढे १९२१ मध्ये सेंट अ‍ॅग्नेस कॉलेज काढले आणि तो देशभर पसरला. एकांतवासी मठ मात्र लहानच राहिला. ते अपयश म्हणता येणार नाही, कारण त्याची रचनाच तशी आहे.

परवानगी कोणाची लागते?

कायद्याची बाजू तुलनेने सोपी. चर्चच्या विधिसंहितेनुसार धर्मप्रांताच्या बिशपांची लेखी संमती हवी. एकांतवासी स्त्रियांच्या मठासाठी त्यावर रोमचीही परवानगी लागते. असा स्वायत्त मठ बंद करण्याचा अधिकारही रोमचाच. आर्लिंग्टनमध्ये तोच वापरला गेला.

पोप फ्रान्सिस यांच्या काळात नियम बदलले. २०१६ मध्ये मूळ दस्तऐवज आणि २०१८ मध्ये ‘कोर ओरान्स’ ही अंमलबजावणीची सूचना आली. मठाला स्वायत्तता हवी तर कायमची व्रते घेतलेल्या किमान आठ जणी हव्यात, आणि त्यांतल्या बहुतेक वृद्ध नसाव्यात. तोवर नवा मठ हा ज्या मठातून तो निघाला त्याच्या आधाराने चालतो. नव्या मुलीला कायमच्या व्रतांपर्यंत पोचायला किमान नऊ वर्षे लागतात. बांधकाम दोन वर्षांत होईल. आठवी धर्मभगिनी तयार व्हायला दशक जाते.

रत्नागिरीत असा मठ काढायचा ठरला तर?

रत्नागिरी जिल्हा २००५ मध्ये पुण्यापासून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात येतो. तेव्हा पहिली संमती तिथल्या बिशपांची. पुढचे टप्पे मात्र जमीन घेणाऱ्या कोणाही कोकणवासीयाच्या ओळखीचे आहेत. सातबारावर डझनभर सहहिस्सेदार, त्यातले निम्मे मुंबईत. शेतजमीन असेल तर कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. न्यासाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे. परदेशातल्या मठाने मदत पाठवायची तर परदेशी देणगी कायद्याची नोंदणी हवी आणि पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या शाखेतच येणार.

आणि पाणी. ज्यांनी बाहेर पडायचेच नाही त्यांना कुंपणाच्या आत विहीर लागते. सड्यावरची जागा स्वस्त मिळते, पण एप्रिल-मे महिन्यांत सड्यावरच्या विहिरींचे काय होते ते सांगायला नको. टँकर दारात येणार असेल तर एकांताला फारसा अर्थ उरत नाही.

पोटापाण्याचे काय?

बाहेर काम करणाऱ्या सिस्टरांना पगार असतो. अनुदानित शाळांतल्या धर्मभगिनी आणि धर्मगुरूंच्या पगारातून टीडीएस कापला जाईल, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केले. कार्मेलमध्ये पगारच नसतो. मिस्सेत वापरली जाणारी पातळ गोल भाकरी बनवणे, धर्मगुरूंची वस्त्रे शिवणे, मेणबत्त्या, भाजीपाला आणि लोकांच्या देणग्या यांवर घर चालते. या भाकरीला गिऱ्हाईक म्हणजे आसपासची चर्च. वसई किंवा गोव्यात ती वस्ती दाट आहे, रत्नागिरीत विरळ. माझ्या मते इथली अडचण परवानगीइतकीच या गणितात आहे.

आत जाणाऱ्या मुलीच्या मर्जीचे काय?

रत्नागिरीने सक्तीचा एकांत पाहिला आहे. ब्रह्मदेशचा राजा थिबा इथे तीस वर्षे नजरकैदेत होता आणि १९१६ मध्ये इथेच वारला. त्यामुळे ‘आयुष्यभर आत’ म्हटल्यावर शंका येणे स्वाभाविक आहे. चर्चच्या नियमानुसार १७ वर्षांखालच्या मुलीला नवशिक्षणात घेता येत नाही आणि २१ आधी कायमची व्रते देता येत नाहीत. त्याआधीची व्रते मुदतीची असतात; मुदत संपली की निघून जाता येते. नंतरही परवानगी मागता येते. आणि सज्ञान व्यक्तीला तिच्या इच्छेविरुद्ध कोंडणे हा भारतीय कायद्यात गुन्हाच आहे. कागदावर हे पुरेसे आहे. प्रत्यक्षात, घरचा पाठिंबा आणि हातात पैसा नसलेली पस्तिशीची बाई बाहेर पडून कुठे जाणार, हा प्रश्न नियमांनी सुटत नाही.

दुसरी काळजी अधिक मोठी आहे. युरोपातले मठ रिकामे होत आहेत आणि भारतातून अजून मुली येतात. केरळच्या मुलींना पैशांच्या व्यवहारातून युरोपातल्या कॉन्व्हेंटांत नेल्याच्या बातम्यांनी १९७० मध्ये खळबळ उडवली होती. २०१६च्या दस्तऐवजात पोप फ्रान्सिस यांनी स्पष्ट बजावले, की केवळ मठ जगवण्यासाठी दुसऱ्या देशांतून मुली आणणे पूर्णपणे टाळावे. हा नियम पाळला गेला तर भारतातली माणसे भारतातल्या नव्या मठांसाठी उरतील. नाही पाळला तर हिशेब साधा आहे. आठ जणींच्या मठातून दोघी परदेशी गेल्या, एक वारली, की संख्या पाचवर येते. पाच झाल्या की मठाला स्वतःची प्रमुख निवडण्याचा हक्क राहत नाही. रोम एक समिती नेमते आणि मठात पुन्हा जीव आणायचा, तो दुसऱ्याशी जोडायचा की बंद करायचा, हे ती ठरवते.